सेलम ते हार्टफर्ड : जुन्या अमेरिकन लेखकांच्या गावी

हॉथॉर्न, थोरो, मेल्व्हिल, डिकिन्सन, ट्वेन हे लेखक मी बी.ए.च्या वर्गात बरीच वर्षं शिकवले. प्रतीकं, शैली, निवेदन यांवर तासन्‌तास बोलले. निवृत्त झाल्यावर ही पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली आणि या वेळी लक्ष गेलं ते सालांकडे. हॉथॉर्नचं ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० चं, मेल्व्हिलचं ‘मोबी-डिक’ १८५१ चं, हॅरिएट बीचर स्टोवचं ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ चं आणि थोरोचं ‘वॉल्डन’ १८५४ चं. पाच वर्षांत एवढी पुस्तकं, आणि त्याच पाच वर्षांच्या सुरुवातीला, सप्टेंबर १८५० मध्ये, पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या ताब्यात देण्याचा कायदा अमेरिकेच्या संसदेने केलेला. घराबाहेर हे चाललेलं असताना ही माणसं टेबलाशी बसून काय पाहत होती आणि कशाकडे पाहायचं टाळत होती, हे त्यांच्या गावी जाऊन समजून घ्यायचं होतं. भाची बॉस्टनजवळ राहते. ऑक्टोबरात तिने सुट्टी काढली आणि आम्ही दोघी निघालो.

शुक्रवार : सेलम

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सेलम लोकलने अर्ध्या तासावर आहे. ऑक्टोबरात गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. हॅलोविनचा महिनाभर हे गाव जत्रेसारखं भरलेलं असतं. स्टेशनपासूनच टोकदार काळ्या टोप्या दिसायला लागल्या. एका कुटुंबात आजीपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे चेटकिणीच्या वेषात होते.

१६९२ मध्ये या गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं आणि जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. त्यांतलं कोणीही चेटूक करत नव्हतं. गर्दीतून वाट काढत आम्ही त्यांच्या स्मारकापाशी गेलो. दगडी भिंतीतून बाहेर आलेले बाकासारखे दगड, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूची तारीख. प्रवेशाच्या फरशीवर त्या माणसांनी न्यायालयात काढलेले निर्दोषपणाचे उद्गार कोरले आहेत, आणि ते भिंतीपाशी येऊन अर्ध्यात तुटतात. बाहेर ढोल वाजत होते, आत मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. फासावर गेलेल्या रिबेका नर्स या बाईच्या दगडावर ताजी शेवंती होती.

स्मारकाला लागून जुनी दफनभूमी आहे. तिथे जॉन हॅथॉर्नची कबर आहे. या खटल्यांत आरोपींची उलटतपासणी घेणारा हा दंडाधिकारी. नॅथॅनिएल हॉथॉर्न त्याचा खापरपणतू. तरुणपणी त्याने आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं, ते या पूर्वजापासून लांब जाण्यासाठी, असं मानतात. तिथून कस्टम हाउस चालत दहा-पंधरा मिनिटं. १८४६ ते १८४९ हॉथॉर्न इथे सर्व्हेयर, म्हणजे जकात अधिकारी, होता. सरकार बदललं, नोकरी गेली, आणि मग त्याने ‘द स्कार्लेट लेटर’ लिहिली. या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलं की समोर डर्बी धक्का सरळ समुद्रात गेलेला दिसतो. सेलमची जहाजं इथून मिरी आणायला सुमात्राला जायची, कलकत्ता-मुंबईलाही यायची. हॉथॉर्न नोकरीला लागला तोवर तो व्यापार बॉस्टन-न्यूयॉर्ककडे गेला होता. ओसरत्या बंदरात बसून त्याने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पापाची गोष्ट लिहिली.

हॉथॉर्नच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीतलं ‘सेव्हन गेबल्स’चं घर १६६८ चं. काळपट लाकडाचं, उतरत्या छपरांचं. गाइडने आम्हाला चिमणीशेजारच्या गुप्त जिन्याने वर नेलं. जिना इतका अरुंद की खांदे भिंतींना घासतात. हा जिना मूळ घरात नव्हता, असं तिनेच वर पोचल्यावर सांगितलं. कॅरोलाइन एमर्टन या बाईंनी १९१० मध्ये घराचं संग्रहालय केलं, त्या वेळी तो बांधून घेतला, आणि तिकिटांचे पैसे सेलममध्ये आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या शिक्षणाला लावले. ती संस्था आजही चालते. मला जिन्यापेक्षा हे ऐकून जास्त आनंद झाला.

हॉथॉर्नबद्दल मात्र परतीच्या गाडीत मन खट्टू झालं. पूर्वजांचा अपराध त्याच्याइतका खोलवर कोणी पाहिला नाही. पण १८५२ मध्ये आपल्या कॉलेजमित्राच्या, फ्रँकलिन पिअर्सच्या, निवडणुकीसाठी त्याने चरित्र लिहिलं. त्यात गुलामगिरीबद्दल त्याचं म्हणणं असं, की माणसांनी उपाय करून ती जाणार नाही, ईश्वराला वाटेल तेव्हा ती स्वप्नासारखी विरून जाईल. पिअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलच्या वकिलातीत मोठी नोकरी मिळाली. १६९२ कडे डोळे उघडून पाहणारा माणूस १८५२ कडे पाहायला तयार नव्हता.

खाण्याचं : धक्क्याजवळ क्लॅम चाउडर घ्या. आपल्या तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले, बटाटा आणि दूध-साय. चव सौम्य, वरून मिरपूड भरपूर लागते. त्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा येत होता, त्यामुळे वाटी दोनदा घेतली.

शनिवार : कॉन्कॉर्ड

शान्ता शेळक्यांची ‘चौघीजणी’ ज्यांनी शाळेत असताना वाचली, त्यांना ऑर्चर्ड हाउसमध्ये शिरताना काय होतं हे वेगळं सांगायला नको. तपकिरी लाकडी घर, मागे टेकडी. लुइझा मे अल्कॉटने ‘लिटल वुमन’ इथे १८६८ मध्ये लिहिली. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये वडिलांनी बसवून दिलेली अर्धगोल फळी आहे. तेच तिचं लिहायचं टेबल. आपल्याकडे देव्हाऱ्यासाठी याहून मोठी फळी लागते. धाकट्या बहिणीने, मे हिने, भिंतींवर, दारांच्या चौकटींवर पेन्सिलने काढलेली चित्रं तशीच जपली आहेत. बैठकीच्या सोफ्यावर एक लोडवजा उशी आहे. ती उभी असली तर लुइझाचा मूड चांगला, आडवी असली तर तिच्याशी बोलायला जायचं नाही.

आमच्या गटात ओहायोहून आलेली एक आजी आणि तिची नात होती. गाइडने विचारलं, “कादंबरीतले वडील कुठे असतात?” नात म्हणाली, “युद्धावर.” खऱ्या घरात युद्धावर गेली ती लुइझा. १८६२ च्या डिसेंबरात ती वॉशिंग्टनजवळच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून दाखल झाली, जखमींची सेवा केली आणि टायफॉइड घेऊन परतली. त्यावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने तिची तब्येत कायमची बिघडली, असं ती स्वतः मानत असे. आजी गाइडला म्हणाली, “मी हे पुस्तक कितीदा वाचलं असेल, पण युद्ध असं दाराशी आलेलं कधी दिसलं नव्हतं.” आम्ही दोघी नंतर अंगणात बोलत बसलो. तिच्या शहरातल्या वाचनालयात ती आठवड्यातून एकदा मुलांना गोष्टी वाचून दाखवते.

वडील ब्रॉन्सन अल्कॉट कमाई करत नसत, पण गुलामांच्या श्रमाचा कापूस आणि साखर वापरणार नाही असा प्रयोग त्यांनी १८४३ मध्ये कुटुंबासह केला होता. शेजारच्या ‘वेसाइड’ घरात अल्कॉट कुटुंब आधी राहत असे. त्या घरात त्यांनी दक्षिणेतून पळून आलेल्या एका गुलामाला हिवाळ्यात आसरा दिला. तेच घर पुढे हॉथॉर्नने विकत घेतलं. एकच घर, आणि त्या प्रश्नाची दोन तोंडं. दोन्ही घरं एका फुटपाथवर आहेत, त्यामुळे हे डोळ्यांना दिसतं.

१८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने शाळा समितीच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क दिला, तेव्हा कॉन्कॉर्डमध्ये पहिलं नाव नोंदवलं ते लुइझाने. ती ६ मार्च १८८८ ला बॉस्टनमध्ये वारली. त्या वेळी पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. विधवांच्या शाळेला मदत करण्यासाठी रमाबाई असोसिएशन त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १८८७ मध्ये, बॉस्टनमध्येच स्थापन झाली होती. अमेरिकन बायकांच्या चळवळींवर रमाबाईंनी मराठीत जे लिहिलं आहे, ते वाचून इथे यावं. लुइझा ज्या जगात राहत होती ते जग त्यात आहे.

दुपारी स्लीपी हॉलो दफनभूमीत गेलो. एका टेकाडावर थोरो, हॉथॉर्न, अल्कॉट आणि थोरोचा मित्र, निबंधकार इमर्सन हाकेच्या अंतरावर पुरलेले आहेत. इमर्सनचा दगड म्हणजे मोठा गुलाबी स्फटिक. थोरोचा हातभर उंचीचा, त्यावर फक्त ‘हेन्री’. लोक त्यापुढे पेन्सिली खोचून जातात, कारण थोरो कुटुंबाचा पेन्सिलींचा कारखाना होता आणि उत्तम शिसं बनवण्याची रीत हेन्रीनेच सुधारली होती. भाचीने पर्समधली पेन्सिल काढून ठेवली.

सूचना : ऑर्चर्ड हाउस गाइडबरोबरच पाहता येतं, तिकिटं आधी ऑनलाइन घ्या. नॉर्थ ब्रिजजवळचं रॉबिन्स हाउस चुकवू नका. कॉन्कॉर्डच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा इतिहास सांगणारं हे लहानसं घर आहे. हंगामापुरतंच उघडतं, म्हणून वेळा पाहून जा. वाटेत फळबागेच्या दुकानात सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मिळतात. दालचिनी-साखर लावलेले. एकावर भागत नाही.

रविवार : वॉल्डन

सकाळी लवकर गेलो. पार्किंग भरलं की फाटक बंद करतात आणि बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असली तर शुल्क बरंच जास्त लागतं. हवा सात-आठ अंश. तळ्यावर धुकं होतं आणि त्यातून तीन-चार पोहणारे शांतपणे हात मारत चालले होते. मेपल लाल झाले होते, ओक अजून तांबूस. तळ्याभोवतीची पायवाट पावणेदोन मैलांची आहे. रमत गेलं तरी तासाभरात होते.

थोरो इथे ४ जुलै १८४५ ला राहायला आला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला गेला. जमीन इमर्सनची. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. जुन्या फळ्या त्याने जेम्स कॉलिन्स या रेल्वेवरच्या आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन मिळवल्या. रेल्वे तेव्हा नवीनच होती आणि तळ्याला चिकटून जात होती. आजही जाते. आम्ही झोपडीच्या जागी उभ्या होतो तेव्हाच झाडांमागून बॉस्टनची लोकल धडधडत गेली. एकांताच्या या पुस्तकात रेल्वेची शिट्टी इतक्या वेळा का वाजते, ते तिथे उभं राहून कळलं.

झोपडीची मूळ जागा रोलँड रॉबिन्स यांनी १९४५ मध्ये चुलीचा पाया खणून शोधून काढली. आता तिथे ग्रॅनाइटचे खांब आहेत आणि बाजूला भेट देणाऱ्यांनी रचलेली दगडांची रास. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, त्याची जीर्ण प्रत मी बरोबर नेली होती. तिथे बसून बर्फाचं प्रकरण मोठ्याने वाचलं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर रोज केंब्रिजहून येऊन या तळ्याचा बर्फ करवतीने कापत. बॉस्टनचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने हिंदुस्थानात जायचा. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोचला आणि पाठोपाठ मुंबईलाही. थोरो लिहितो, की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची घामेजलेली माणसं माझ्या विहिरीचं पाणी पितात. तो पहाटे भगवद्गीता वाचत होता, आणि वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतंय असं त्याला वाटत होतं. आपल्याला हे वाचून फार आनंद होतो. मलाही झाला.

पण त्या सकाळी मला दुसऱ्याच एका प्रकरणासाठी जंगलात जायचं होतं. या जंगलात आपल्याआधी कोण राहत होतं, ते थोरो नावानिशी सांगतो : केटो, ब्रिस्टर फ्रीमन, झिल्फा. हे कॉन्कॉर्डचे पूर्वीचे गुलाम. हो, मॅसॅच्युसेट्समध्येही गुलाम होते. सुटका झाल्यावर गावात त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून शेतीला निरुपयोगी ठरलेल्या या रानात ते राहिले. झिल्फा सूत काततच एकटी जगली, थोरोपेक्षा कितीतरी जास्त वर्षं. १८१२ च्या युद्धात, ती बाहेर गेलेली असताना, इंग्रज युद्धकैद्यांनी तिचं घर जाळलं. तिचं मांजर, कुत्रा, कोंबड्या सगळं त्यात गेलं. ब्रिस्टरच्या नावाची टेकडी तळ्यापासून थोडी दूर, हमरस्त्यापलीकडे आहे. तिथे उद्यानाच्या एका वयस्क कर्मचाऱ्याने आम्हाला वाट दाखवली. तो म्हणाला, “बहुतेक लोक झोपडी बघून परत जातात. तुम्ही ब्रिस्टरबद्दल विचारलंत, बरं वाटलं.” मग तो अर्धा तास आमच्याबरोबर चालला आणि त्याने कुठलं झाड किती जुनं ते सांगितलं.

थोरोच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. तो रानात पळून गेला असं म्हणणारे म्हणतात. त्याच मुक्कामात, जुलै १८४६ मध्ये, गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. आणि ‘वॉल्डन’ छापून यायच्या महिनाभर आधी, ४ जुलै १८५४ ला, त्याने फ्रेमिंगहॅमच्या सभेत स्वतःच्या राज्याला धारेवर धरलं, कारण बॉस्टनने नुकतंच अँथनी बर्न्स या तरुणाला पकडून पुन्हा गुलामीत पाठवलं होतं.

मंगळवार : न्यू बेडफर्ड

सोमवार घरी गेला. मंगळवारी दक्षिणेला निघालो तेव्हा दाट धुकं होतं. बंदरात मच्छीमार बोटींचे भोंगे ऐकू यायचे, बोटी दिसायच्या नाहीत. ‘मोबी-डिक’ सुरू होते त्या गावात जायला याहून चांगली हवा मागून मिळाली नसती.

हर्मन मेल्व्हिल जानेवारी १८४१ मध्ये इथूनच ‘अकुश्नेट’ या देवमासे मारणाऱ्या जहाजावर चढला. सीमेन्स बेथेल ही खलाश्यांच्या प्रार्थनाघराची इमारत १८३२ ची. भिंतींवर संगमरवरी पाट्या : अमका, वय अठरा, देवमाशाने बोट उलटवली. तमका, प्रशांत महासागरात, दोरात पाय अडकून. कबर नाही, कारण शरीरच परत आलं नाही. अलीकडच्या मच्छीमारांच्या पाट्याही त्यांत आहेत. जहाजाच्या नाळेच्या आकाराचं व्यासपीठ कादंबरीत आहे, म्हणून लोक ते शोधत यायचे. शेवटी १९६१ मध्ये तसं बांधलं. कादंबरीने इमारत बदलली.

समोरच्या देवमासे संग्रहालयात ‘लगोडा’ या जहाजाची अर्ध्या मापाची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं. छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे. हाडांतून अजून तेल झिरपतं आणि ते एका नळीने भांड्यात गोळा करतात. दिव्यांसाठी, मेणबत्त्यांसाठी, यंत्रांसाठी जग हे तेल मागत होतं. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल लागलं आणि या शहराचं वैभव उतरणीला लागलं.

इथे मला खरं पाहायचं होतं ते सेव्हन्थ स्ट्रीटवरचं नेथन आणि पॉली जॉन्सन यांचं घर. मेल्व्हिलच्या सव्वादोन वर्षं आधी, सप्टेंबर १८३८ मध्ये, मेरीलँडहून पळून आलेला एक तरुण या कृष्णवर्णीय जोडप्याच्या दारात उभा राहिला. नेथन त्या दिवसांत वॉल्टर स्कॉटचं एक काव्य वाचत होता, त्यातलं नाव त्याने या तरुणाला सुचवलं. फ्रेडरिक डग्लस हे, पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीत गाजलेलं, नाव त्याला या घरात मिळालं. जहाजांच्या फटी बुजवण्याचं कसबी काम त्याला येत होतं. पण तो कामाला लागला तर आम्ही काम सोडू, असं गोऱ्या कारागिरांनी म्हटलं आणि त्याला लाकडं फोडावी लागली, कोळसा ओढावा लागला. १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं. माझ्या मते ते थोरो-मेल्व्हिलच्या बरोबरीने वर्गात हवं, आणि त्यांच्या आधी.

मेल्व्हिलने जहाजावर सगळ्या वर्णांची माणसं एकत्र आणली. निवेदक इश्माएल दक्षिण समुद्रातल्या बेटावरून आलेल्या क्वीक्वेगबरोबर एका पलंगावर झोपतो आणि त्याला आपला माणूस मानतो. १८५१ साली हे लिहिणं साधं नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलात बॉस्टनमध्ये टॉमस सिम्स या तरुणाला गुलामीत परत पाठवलं, आणि त्याची सुटका नाकारणारे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ हे मेल्व्हिलचे सासरे. सासऱ्यांच्या आधारावर त्याचं घर चालत होतं. घरात या विषयावर काय बोलणं झालं असेल, याचा विचार करत मी त्या पाट्यांसमोर बराच वेळ बसले. कादंबरी खपली नाही. मेल्व्हिलच्या हयातीत तीन हजारांवर थोड्याशाच प्रती गेल्या, आणि त्याने पुढे १९ वर्षं न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरी केली.

जेवायला पोर्तुगीज खानावळीत गेलो. देवमाशांच्या जहाजांनी अझोर्स आणि केप व्हर्डे बेटांवरून खलाशी भरले, त्यांचे वंशज या गावात आहेत. केल नावाच्या पालेभाजीचं, बटाट्याचं आणि लिंग्विसा सॉसेजचं सूप, बरोबर गोडसर पाव. गोव्याच्या चोरीसची सवय असलेल्यांना लिंग्विसा फार नरम वाटेल, पण लसूण-मिरचीचा वास ओळखीचा आहे. शेवटी मालासादा, तळून साखरेत घोळवलेला पुरीएवढा गोळा. वाढणाऱ्या बाईंचे आजोबा अझोर्सहून आलेले. “ते देवमाशांवर कधी बोलायचे नाहीत, फक्त थंडीबद्दल बोलायचे,” त्या म्हणाल्या.

बुधवार : ॲमहर्स्ट

पश्चिमेकडचा रस्ता डोंगरांतून जातो आणि या आठवड्यात पानगळीचे रंग ऐन भरात होते. पाऊस पडून गेलेला, त्यामुळे पिवळा रंग आणखी गडद.

एमिली डिकिन्सनचं विटांचं पिवळं घर अलीकडेच नव्याने दुरुस्त केलं आहे. तिच्या खोलीतला गुलाबांचा भिंतीवरचा कागद, पांढरा पोशाख (तो प्रतिकृती आहे), खिडकीजवळचं इतकं लहान टेबल. ती जगापासून तुटलेली होती असं आपण सांगतो. पण सुमारे अठराशे कवितांपैकी जवळजवळ निम्म्या तिने १८६१ ते १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात लिहिल्या. कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स मार्च १८६२ मध्ये युद्धात पडला तेव्हा सगळं ॲमहर्स्ट हादरलं. पुढच्याच महिन्यात तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला पत्र लिहून विचारलं, माझ्या कविता जिवंत आहेत का? हिगिन्सन त्याच वर्षाच्या शेवटी मुक्त झालेल्या गुलामांच्या पलटणीचा कर्नल झाला. तिचा भाऊ ऑस्टिनने १८६४ मध्ये ५०० डॉलर भरून स्वतःऐवजी दुसरा माणूस युद्धावर पाठवला. त्या खोलीत मृत्यूच्या कविता वाचताना हे सगळं डोक्यात ठेवलं की कविता वेगळ्या ऐकू येतात.

गाइडने स्वयंपाकघरात जास्त वेळ घेतला, ते मला आवडलं. मार्गारेट माहेर ही आयरिश बाई इथे बरीच वर्षं कामाला होती. एमिलीच्या कवितांच्या काही वह्या तिच्या ट्रंकेत होत्या. १८८६ मध्ये एमिली गेली तेव्हा तिच्या इच्छेनुसार घरच्या आयरिश कामगारांनी तिची शवपेटी मागच्या दाराने, शेतातून उचलून नेली.

सूचना : आठवड्याच्या सुरुवातीला यातली बरीच घरं बंद असतात, म्हणून ॲमहर्स्ट बुधवारनंतरच ठेवा. शेजारचं ऑस्टिनचं ‘एव्हरग्रीन्स’ही पाहा.

गुरुवार : हार्टफर्ड

ॲमहर्स्टहून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. मार्क ट्वेन आणि हॅरिएट बीचर स्टोव शेजारी राहत होते, दोन्ही घरांना एकच हिरवळ. एका दिवसात दोन्ही होतात, पण सकाळी स्टोव आणि दुपारी ट्वेन असा क्रम ठेवा. कारण ट्वेनचं २५ खोल्यांचं घर डोळे दिपवतं आणि त्यानंतर स्टोवबाईंचं साधं घर फिकं वाटतं.

स्टोवच्या घरात गाइड बोलण्यापेक्षा विचारतात जास्त. गोल बसवून आमच्याकडून चर्चा करवली. १८४९ च्या कॉलऱ्यात सिनसिनाटीला तिचं तान्हं मूल गेलं, आणि लेकरू विकलं गेल्यावर गुलाम आईला काय होत असेल ते तिला तेव्हा कळलं. १८५२ मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’ आलं आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. गटातली एक कृष्णवर्णीय शिक्षिका शांतपणे म्हणाली, की तिच्या घरात ‘अंकल टॉम’ ही गोऱ्यांपुढे वाकणाऱ्याला दिलेली शिवी आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी गुलामीतून पळालेल्या जॉर्ज-एलायझाला आफ्रिकेत पाठवलं जातं, हे ती लेखिकेला माफ करू शकत नाही. मग मी जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना सोडवताना हा कित्ता घ्यावा अशी आशा व्यक्त केली. त्याच वर्षी स्टोवबाई या घरात राहायला आल्या. त्या शिक्षिकेने वहीत फुल्यांचं नाव लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं. या प्रवासात याहून समाधानाचं काही घडलं नाही.

ट्वेनच्या घरातली तिसऱ्या मजल्यावरची बिलियर्डची खोली म्हणजे त्याची लिहायची जागा. १८७४ ते १८९१ ते कुटुंब इथे होतं. बटलर जॉर्ज ग्रिफिन पूर्वी गुलाम होता. घराचा कारभार त्याच्या हातात होता आणि त्याची खोलीही दाखवतात. ‘हकलबेरी फिन’ अमेरिकेत १८८५ मध्ये आली. गुलामगिरी संपून वीस वर्षं झाली होती, पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा एकेक करून काढून घेतले जात होते. त्याच वर्षी ट्वेनने येलमधल्या वॉर्नर मॅग्विन या कृष्णवर्णीय कायद्याच्या विद्यार्थ्याचा खर्च उचलला.

मुक्काम हार्टफर्डजवळ भाचीच्या ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे होता. दोघं विमा कंपन्यांच्या संगणक विभागात. पिठलं-भाकरी, लसणाची चटणी, आणि जेवताना त्यांच्या अकरावीतल्या लेकीशी गप्पा. तिच्या वर्गात सध्या ‘हकलबेरी फिन’ चालू आहे. त्यातला तो अपमानास्पद शब्द वर्गात मोठ्याने वाचायचा नाही, असं आधी सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तिला सगळ्यात जास्त लागलं ते त्यातल्या पळालेल्या गुलामाच्या, जिमच्या, मुलीचं प्रकरण. सांगितलेलं ऐकत नाही म्हणून तो चिमुरडीला मारतो, आणि नंतर त्याला कळतं की तापाने ती बहिरी झाली आहे.

मी तिला मुंबईबद्दल सांगितलं. कर्ज फेडायला ट्वेन व्याख्यानांच्या जगदौऱ्यावर निघाला आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. तिथे गुडघ्यांवर बसून गॅलरीचं दार नीट करणाऱ्या हिंदी नोकराला एका धिप्पाड जर्मनाने काही न सांगता थोबाडीत दिली. नोकर काही बोलला नाही. ट्वेन लिहितो, की तो क्षणात पन्नास वर्षं मागे मिसुरीत गेला. त्याचे वडील आपल्या मुलांवर जवळजवळ कधी हात उगारत नसत, पण घरच्या गुलाम पोराला, लुइसला, बारीकसारीक चुकांसाठी मारत, ते त्याला आठवलं.

तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवून विचारलं, “आजी, मुंबईच्या त्या माणसाचं नाव काय होतं?”

“ते त्यात नाही,” मी म्हटलं. “लुइसचं आहे.”

तिने पुस्तकाचं नाव विचारलं. ‘फॉलोइंग द इक्वेटर’, १८९७. दुसऱ्या दिवशी ती ते पान वर्गात नेणार होती. मग तिची आई म्हणाली की दूध गरम केलंय, आणि आम्ही अकरापर्यंत जिमबद्दल बोलत बसलो.